डोमाजींची दोरी आणि दक्षिणेचा उजेड

बोरीखेड्यात कुणाचा दरवाजा चौकटीत बसेना किंवा मांडवाचा खांब तिरका वाटला, तर लोक गवंड्याच्या आधी डोमाजींना बोलावतात. डोमाजी येतात, एक डोळा मिटतात, हनुवटी जराशी वर करतात आणि सांगतात, "दोन बोटं डावीकडं." गवंडी आपला ओळंबा लावून बघतो. दोनच बोटं भरतात. गवंड्याला राग येतो, पण चौकट तो दोन बोटं सरकवतो.

शाळेची पायरी डोमाजी चढले ती फक्त मतदानापुरती. त्यांचं सगळं शिक्षण झालं ते कपाशीच्या वावरात, बापाच्या हाताखाली, एका दोरीवर. पैनगंगेच्या अलीकडच्या या काळ्या जमिनीत कपाशी लावायची जुनी रीत अशी, की आधी दोरी ताणून उभ्या रेघा पाडायच्या आणि मग त्याच दोरीनं आडव्या. दोन रेघा जिथं एकमेकींना कापतात ती फुली. त्या फुलीवर सरकीचे दोन दाणे टोबायचे. फुली बरोबर पडली तर झाडं चारी अंगांनी रांगेत उभी राहतात, डवरा, म्हणजे बैलांचं कोळपं, उभाही चालतो आणि आडवाही, आणि निंदणाऱ्या बायांचे अर्धे कष्ट वाचतात. फुली चुकली की निम्मं पीक बैलाच्या पायाखाली. चाळीस वर्षं डोमाजींनी फुल्या पाडल्या. मृगाच्या आधी आसपासच्या पंधरा गावांतून त्यांना न्यायला बंड्या, म्हणजे बैलगाड्या, यायच्या, आणि डोमाजी एखाद्या वऱ्हाड्यासारखे पुढं बसून जायचे, मांडीवर दोरीचं वेटोळं घेऊन.

मग ट्रॅक्टर आले. रेघा यंत्रानं पडायला लागल्या. अंबाडीची ती शंभर हात लांब, सव्वा-सव्वा हातावर लाल चिंधी बांधलेली दोरी घरातल्या खुंटीवर जाऊन बसली, आणि डोमाजी मारोतीच्या पारावर.

त्यांची सून सुनयना या घरात आली तेव्हा तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. आदिलाबादेत बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली पोरगी. नवरा लखन इचोड्याला ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात, आठवड्यातून एकदा घरी येणारा. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तिनं खुंटीवरची ती दोरी काढली, अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली आणि धुणं वाळत घातलं. डोमाजी बाहेरून आले, बघत राहिले. एकेक कपडा काढला, घडी घातली, अगदी सुनेच्या लुगड्याचीसुद्धा, आणि दोरी सोडून, पुसून, पुन्हा खुंटीवर लावली. दुसऱ्या दिवशी बाजारातून नायलॉनची हिरवी दोरी आणून दिली. सुनयनाला वाटलं होतं, म्हातारा चक्रम आहे. हे तिनं बरेच दिवस मनात ठेवलं. आता आठवलं तरी तिला लाज वाटते.

गोष्ट गेल्या वर्षीची. कापसाच्या वेचणीचे दिवस. सोमवार होता, दिवस नुकताच बुडाला होता आणि उजेड अजून आभाळात रेंगाळत होता. पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे मारोतीच्या पारावर जमली होती, वीस-एक जण तरी असतील. बाया वावरातून निघायच्या तयारीत होत्या. तेवढ्यात दक्षिणेला, जराशी पूर्वेकडे झुकून, एक केशरी ठिणगी वर चढली. आवाज नाही, काही नाही. ठिणगी चढत गेली आणि तिच्यामागं पांढरा पट्टा फुटला. पट्टा फुगला, पिंजलेल्या कापसासारखा पसरला, कडेनं निळा-हिरवा झाला. पूर्वेच्या वावरात कापसाची झोळी कमरेला बांधून उभी असलेली सुनयना तोंड उघडं टाकून बघत राहिली. चार-पाच मिनिटांत सगळं विरून गेलं.

पारावर तर एकच कालवा झाला. गावात ज्यांचा शब्द चालतो ते मारोतराव पटेल उठून उभे राहिले.

"डोमाजी, कुठून निंगालं बे हे?"

दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. दिशा सांगावी तर डोमाजींनी. डोमाजींनी एक डोळा मिटला, हात लांब केला, बोट सरळ धरलं.

"गयाबाईच्या छपरावरून."

एवढंच बोलले. वीस जणांनी त्या बोटावरून नजर टाकली आणि खरंच, तो विरघळणारा पांढरा लोट बरोबर गयाबाईच्या छपराच्या वर दिसत होता.

गयाबाई म्हणजे गावाच्या दक्षिण टोकाला, आपल्या अर्ध्या एकराच्या मळ्यातच राहणारी विधवा बाई. भेदरं, म्हणजे शहरी लोकांचे टोमॅटो, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायची, गावात आणि बाजारात विकायची. एकटी राहायची, उशिरापर्यंत काम करायची आणि तोंडानं फटकळ होती. एकट्या बाईच्या अंगी हे तीन गुण असले, की गावाला चौथा शोधायला वेळ लागत नाही.

त्यात दक्षिण ही यमाची दिशा. त्यात दुसऱ्या दिवशी पहाटे मारोतरावांच्या म्हशीला मेलेलं वगारू झालं. खालच्या आळीत एका लेकराला ताप भरला. झालं. सोमवारी उजेड गयाबाईच्या छपरावर होता, मंगळवारी तो छपरातून निघाला, आणि बुधवारी सकाळी तो तिच्या चुलीतून निघालेला दोघा जणांनी डोळ्यांनी पाहिला होता. पारावरून 'भानामती' हा शब्द निघाला आणि घराघरांत शिरला. त्या दिवसापासून तिच्याकडे सांभाराची एक जुडीसुद्धा कुणी घेतली नाही.

खरं काय ते सुनयनाला मंगळवारीच कळलं होतं. लखननं इचोड्याहून फोन केला. त्यानं आणि ढाब्यावरच्या सगळ्या ट्रकवाल्यांनी तो उजेड पाहिला होता आणि बातम्यांतही आलं होतं. दोनशे कोसांवर, समुद्राच्या काठी, श्रीहरिकोट्याहून रॉकेट उडालं होतं. खाली अंधार पडला तरी उंचावर ऊन असतं, त्या उन्हात त्याचा धूर चमकला. सुनयना फोन घेऊन थेट मारोतरावांच्या ओसरीवर गेली.

मारोतरावांनी चष्मा लावून पूर्ण बातमी पाहिली आणि फोन परत दिला.

"पोरी, काल याच मोबाईलात वाघ मोटारसायकल चालवून राह्यला होता. तेबी खरंच का?"

सुनयना परत आली. संध्याकाळी पारावर ठरलं, की शनिवारी, मारोतीच्या वारी, गाव जमवायचं आणि गयाबाईला सांगायचं, नदीपल्याड लेकीकडे जाऊन राहा. निदान वर्षभर. तिचा मळा, तिचं छप्पर, बारा वर्षांचा तिचा एकटीचा संसार, सगळं 'निदान वर्षभर' या दोन शब्दांत बांधून झालं होतं. आणि असं एकदा गेलेलं माणूस परत येत नसतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

बुधवारी दुपारी गयाबाई डोमाजींच्या अंगणात येऊन उभी राहिली. सुनयनानं 'या काकू, बसा' म्हटलं, तरी बसली नाही.

"डोमाजी, तुमीच बोट दाखोलं म्हनते."

डोमाजी उठून उभे राहिले.

"तुमचं बोट कदी चुकत नाही, असं सारं गाव म्हनते. मंग सांगा, म्या काय केलं? माह्या छपरातून काय निंगालं? मी त भेदऱ्याइले पानी देऊन राह्यली होती."

एवढं बोलून ती निघून गेली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं सुनयनाला वाटलं.

त्या दिवशी डोमाजी जेवले नाहीत. सुनयनानं ताट वाढलं, झाकलं, पुन्हा वाढलं. "मामाजी, ते रॉकेट होतं. तुमचा काय दोष?" म्हणाली.

"असन रॉकेट," डोमाजी म्हणाले. "पन लोकाइनं छप्पर पाह्यलं ना. अन् ते म्या दाखोलं."

गुरुवारी सकाळी तिला जाग आली तेव्हा खुंटी रिकामी होती. डोमाजी अंगणात बसून दोरीच्या चिंध्या तपासत होते. बाभळीच्या जुन्या खुंट्या शेजारी रचून ठेवल्या होत्या.

"सूनबाई, माहं बोट सीदं होतं," ते म्हणाले. जणू रात्रभर हेच एक वाक्य त्यांनी घासून ठेवलं होतं. "पन बोट म्हंजे एक दोरी. एका दोरीनं फुली पडत नाही. दोरी किती लांब गेली, कुठं थांबली, हे एका दोरीले नाही समजत. त्याले दुसरी दोरी लागते. म्या एकच दोरी टाकली अन् लोकाइनं तिथंच फुली मारली."

"पन मामाजी, वीस जनाइनं पाह्यलं ना?"

"वीसही जन पारावर. वीस जनाइनं एका जागेवरून पाह्यलं, म्हंजे एकानंच पाह्यलं." ते थांबले. "मले असा मानूस पायजे, जो पारावर नोहता. कोन होतं त्या टायमाले दुसरीकडं?"

सुनयनाला हसू आलं.

"मी होती मामाजी. पूर्वेच्या वावरात. आमी साऱ्या बाया वावरातच होतो."

तीन दिवस गाव बोलत होतं, पण अजून एकाही बाईला कुणी विचारलं नव्हतं. डोमाजींनी मान खाली घातली, कारण त्यांनीही विचारलं नव्हतं.

मग ते दोघं निघाले. पुढं सून, मागं दोरी खांद्यावर टाकून सासरा. आधी सुनयनाच्याच जागेवर. डोमाजींनी तिला कपाशीच्या नेमक्या त्याच ओळीत, त्याच झाडापाशी उभं केलं. "हलू नको. उजेड कायच्या वर होता?" सुनयनानं आठवून सांगितलं, मारोतरावांच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, चिंचेच्या शेंड्यावर, डाव्या फांदीला लागून. डोमाजींनी तिच्या पायाशी एक खुंटी ठोकली, दहा हात पुढं दुसरी, मागं येऊन एक डोळा मिटून पाहिलं, दुसरी खुंटी बोटभर सरकवली. "हं. आता सांग, अशीच?" अशीच. दोरी ताणली. सुनयनाला दोन खुंट्या आणि लांबवर चिंच, एका ओळीत दिसली. हा माणूस हे चाळीस वर्षं करत होता आणि ती त्याच्या दोरीवर साड्या वाळत घालत होती.

मग गावाच्या पश्चिमेला, शाळेजवळच्या बोअरवर पाणी भरत असलेल्या मालनबाईकडे. तिला उजेड मोबाईलच्या टॉवरवर दिसला होता. सासऱ्याच्या वयाच्या माणसासमोर ती पदराआडून हळू बोलायची, तिचं बोलणं सुनयना मोठ्यानं सांगायची. पण खुंटी ठोकायची वेळ आली तेव्हा मालनबाई पदर खोचून पुढं आली. "थांबा, इथं नाही. माही पान्याची गुंडी इकडं होती," म्हणाली आणि स्वतः जागा दाखवली. बायांना विचारायला लागल्यावर कळलं, की त्यांनी फार बारकाईनं पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण सांगायला कुणी नव्हतं.

आणि शुक्रवारी एक भलतीच गोष्ट हाती लागली. मारोतरावांची बायको प्रयागबाई त्या संध्याकाळी आपल्या दक्षिणेच्या वावरात होती, गयाबाईच्या मळ्याच्याही पल्याड. सुनयनानं विचारलं तर आधी म्हणाली, "मले काही नाही मालूम, माय." मग चुलीवरचं भांडं खाली उतरवलं, दाराकडे पाहिलं आणि हळूच जे सांगितलं, त्यानं सुनयना जागच्या जागी उभी राहिली. "चारचौघात सांगसाल का?" तिनं विचारलं. प्रयागबाईनं भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं.

शनिवारी सकाळी गाव पारावर जमलं. गयाबाईलाही बोलावलं होतं, ती खाली, धुळीत उभी होती. मारोतराव बोलायला उठणार, तेवढ्यात डोमाजी उठले. या माणसाला कुणी सभेत बोलताना पाहिलं नव्हतं.

"पटेल, पयले माह्यासंगं वावरात चाला. मंग काय ठरवाचं ते ठरवा."

गावाच्या दक्षिणेला, पारापासून थेट गयाबाईच्या मळ्याच्या कुंपणापर्यंत मारोतरावांचं मोठं वावर आहे. सोयाबीन निघून मोकळं पडलं होतं. डोमाजींनी पहाटेपासून एकट्यानं तिथं काम केलं होतं. माणसं धुऱ्यावर पोचली आणि थांबली. काळ्या मातीवर राखेच्या तीन लांब रेघा पडल्या होत्या. इतक्या सरळ, की पेरणीचे दिवस आठवून जुन्या माणसांच्या तोंडून आपोआप "वा रे डोमाजी" निघालं.

"ही मधली रेघ माही," डोमाजी म्हणाले. "पारावरून, म्या बोट दाखोलं ती. थेट गयाबाईच्या छपरावर जाते. चुकली का?"

"नाही चुकली," मारोतराव म्हणाले.

"ही डावीकडची सुनयनाची. पूर्वेच्या वावरातून, चिंचेवर. अन् ही उजवीकडची मालनबाईची. शाळेपासून, टॉवरवर. उजेड एकच होता ना, पटेल? का तीन होते?"

"एकच."

"मंग एक उजेड तीन जागेवरून पाह्यला, त तिन्ही रेघा कुठंतरी एकमेकीले कापाले पायजे. उजेड गयाबाईच्या छपरावर असता, त तिन्ही रेघाइची फुली तिच्या छपरावर पडली असती. तुमी सारे कपाशी लावता. सांगा मले, कुठं हाय फुली?"

तीन रेघा कपाशीच्या तासांसारख्या शेजारी-शेजारी चालल्या होत्या. वावर ओलांडून, गयाबाईच्या मळ्याच्या या अंगानं, त्या अंगानं, आणि पुढंही तशाच. सुनयनाला शाळेतल्या समांतर रेषा आठवल्या. दहावीत तिनं त्यावर पाच मार्क मिळवले होते आणि विसरून गेली होती. डोमाजींना तो शब्दसुद्धा ठाऊक नव्हता.

"फुली आपल्या शिवारात नाही," डोमाजी म्हणाले. "आदिलाबादेतबी नाही. इचोड्यात माह्या पोरानं पाह्यलं, त त्यालेबी दक्षिणेलेच दिसलं. रेघा अशा जोडीनं चालते तवा फुली लय लांब असते. किती लांब, ते माह्या दोरीले समजत नाही. सूनबाईचा मोबाईल दोनशे कोस सांगते. मले त तेच खरं वाटते."

धुऱ्यावर कुजबूज सुरू झाली. मारोतराव चुळबुळले. हरायची सवय नसलेल्या माणसाला शेवटचा एक फाटा लागतोच.

"बायकाइच्या सांगन्यावर कायच्या रेघा पाडता, डोमाजी? भेल्या असन. काहीबी पाह्यलं असन."

"मी नाही भेली."

आवाज मागून आला. माणसं बाजूला झाली. प्रयागबाई धुऱ्यावरून खाली वावरात उतरली, राखेच्या मधल्या रेघेपाशी आली आणि नवऱ्याकडे न बघता, गावाकडे तोंड करून बोलली.

"मी त्या दिवशी गयाबाईच्या मळ्याच्या पल्याड होती. आपल्याच वावरात. तिचं छप्पर माह्या पाठीमागं होतं, अन् उजेड माह्या तोंडासमोर. छपरातून निंगाला असता त मले मान वळवा लागली असती. म्या मान नाही वळवली."

मारोतरावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं कवा?"

आधी कुणीतरी बाई हसली. मग पुरुषही हसले, आणि त्या हसण्यात चार दिवसांची भानामती कुठल्या कुठं गेली. पण डोमाजी हसले नाहीत. ते दोरी खांद्यावर टाकून गयाबाईसमोर गेले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, सगळ्या गावादेखत त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

"गयाबाई, बोट माहं होतं. दिशा सांगतली अन् लांबी नाही सांगतली. अर्धं सांगनं खोट्याहून वाईट असते, हे मले या उमरीत समजलं. माफी दे."

लगेच माफ करून टाकणाऱ्यांतली गयाबाई नव्हती, आणि तिनं का करावं?

"तीन दिवस वांगी तोडली नाही म्या," ती म्हणाली. "जून होऊन राह्यली. कोनाले पायजे असन त आजच्या आज या."

मंडळी पांगायला लागली तेव्हा मारोतरावांनी डोमाजींना गाठलं. सुनयना जवळच खुंट्या उपटत होती, तिनं ऐकलं.

"एक सांग डोमाजी. समज, तुह्या तिन्ही दोऱ्याइची फुली खरंच तिच्या छपरावर पडली असती. मंग? मंग तू काय केलं असतं?"

डोमाजी दोरी गुंडाळत होते. हात थांबला नाही.

"मंग म्हटलं असतं, गयाबाईच्या छपरावरून उजेड निंगाला. उजेडच त निंगाला ना, पटेल? उजेडानं कोनाचं काय बिगडते?"

सुनयनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रेघांचा तिला अभिमान वाटलाच होता, पण या वाक्यानं ती सासऱ्याच्या पायाशी खरी वाकली. घरी आल्यावर तिनं खुंटीवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली, मगच दोरी तिच्यावर लावू दिली.

दीड महिन्यानं सुनयनाच्या फोनवर बातमी आली. आणखी एक रॉकेट उडणार होतं, तेही नेमकं दिवस बुडाल्यावर. तिनं डोमाजींना सांगितलं, डोमाजींनी पारावर सांगितलं. आता कुठं उभं राहून बघायचं, यावर वाद झाला. शाळेचं मैदान म्हणा, पार म्हणा. डोमाजी म्हणाले, "गावात सगळ्यात पुढं दक्षिणेले एकच आंगन हाय. समोर सारं मोकळं, आडवं झाड नाही."

ज्या अंगणातून गयाबाईला उठवायचं ठरलं होतं, त्या अंगणात त्या संध्याकाळी सगळं बोरीखेडं बसलं होतं. बायासुद्धा, पुरुषांच्या बरोबरीनं, पुढच्या ओळीत. "वाफ्यात पाय नका देजा," म्हणून गयाबाई प्रत्येकावर ओरडत होती आणि ओरडता-ओरडता चहाचे गिलास फिरवत होती. मारोतराव तिच्याच बाजेवर बसले होते. प्रयागबाई शेजारी. सुनयना फोनकडे बघून मिनिटं सांगत होती.

आणि मग ती केशरी ठिणगी उठली. मळ्याच्या पल्याड, प्रयागबाईच्या वावराच्या पल्याड, शिवाराच्या शेवटच्या झाडांच्याही पल्याड. चढत गेली, फुलली, पसरली. लेकरं ओरडायला लागली. यावेळी कुणी घाबरलं नाही. एक म्हातारी मात्र हात जोडून उभी राहिली, आणि तिला कुणी अडवलं नाही.

मारोतरावांच्या तोंडून सवयीनंच निघालं, "डोमाजी, कुठून निंगालं बे?"

डोमाजींचा हात अर्धा वर आला. एक डोळा मिटलाही. मग त्यांनी हात खाली घेतला आणि पाठीमागं बांधला.

"मले नका इचारू. आंगन गयाबाईचं हाय, तिले इचारा."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. छपराच्या दारात, एका हातात चहाची किटली घेऊन गयाबाई उभी होती. तिनं किटली खाली ठेवली, हात पदराला पुसला, आणि एवढ्या माणसांसमोर आयुष्यात पहिल्यांदा बोट उचललं.

"लांबून," ती म्हणाली. "लय लांबून निंगालं, बाप्पा. माह्या घरापासून लय लांब हाय ते."

डोमाजींनी मान हलवली. "सीदं हाय," ते म्हणाले, आणि चहा घेतला.